आक्काच्या सासरचं वर्ष

आपल्या भागात ज्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही नांदतात, तिथं भिंतीवर बहुधा दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक मराठी, एक कानडी. सणवार दोन्हींत जवळपास तेच. फरक असला तर इतकाच, की ज्येष्ठ पौर्णिमेला एकात वटपौर्णिमा छापलेली असते आणि दुसऱ्यात कारहुण्णिमे. एका घरात वडाला दोरा गुंडाळतात, शेजारच्या घरात बैलांची शिंगं रंगवतात. पण महिना तोच, तिथी तीच, पाडवाही एकच.

माझ्या आक्काचं लग्न २००० साली फेब्रुवारीत कुंभकोणमच्या एका तमिळ घरात झालं. ती बेंगळूरला नोकरीला होती, दाजीही तिथंच. दोन्ही घरांनी थोडी कुरकूर करून होकार दिला. तेव्हापासून आमच्या घरी तिसरं कॅलेंडर आलं. रोज एक पान फाडायचं, प्रत्येक पानावर राहुकाळ छापलेला. गेली पंचवीस वर्षं दर डिसेंबरात ते पोस्टानं येतं, आणि आम्ही ते लावतो.

या तिसऱ्या पंचांगाची तऱ्हाच वेगळी. तमिळ महिना चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की महिना बदलला. त्यामुळं त्यांचं वर्ष चित्तिरै महिन्यात १४ एप्रिलच्या सुमारास सुरू होतं, आणि तै महिना पोंगलच्या दिवशी, १४-१५ जानेवारीला. सणांची नावंही मजेशीर. आपण महिना आणि तिथी सांगतो, भाद्रपद चतुर्थी, आश्विन दशमी. ते बऱ्याच सणांना महिना आणि नक्षत्र सांगतात. आवणि अविट्टम म्हणजे आवणि महिन्यातलं धनिष्ठा नक्षत्र. पंगुनि उत्तिरम म्हणजे पंगुनि महिन्यातलं उत्तरा फाल्गुनी. तैपूसम म्हणजे तै महिन्यातला पुष्य. एकदा ही किल्ली हाती आली की सगळं वर्ष उलगडतं. दाजींनी मला ती लग्नाच्या मांडवातच सांगितली होती, पण तेव्हा माझं लक्ष जेवणाच्या पानावर होतं.

हे घर स्मार्त अय्यरांचं. तमिळनाडूतल्या सगळ्या घरांची रीत हीच असं समजू नये. शेतकरी घरांतला पोंगल, देवळांच्या जत्रा, ग्रामदेवतांचे उत्सव यांचा थाट वेगळा. मी सांगतो आहे ते एका घराचं, चार भाऊ, त्यांच्या बायका-मुलं आणि त्यांची आई यांचं वर्ष. आईंना आक्का अम्मा म्हणते. मी मामी म्हणतो, कारण तिकडं मोठ्या वयाच्या बायकांना परकी माणसंही मामीच म्हणतात. त्या मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. आणि आक्का हा शब्द तर तिन्ही भाषांत एकच. तिला तिकडं त्यासाठी काही नवं शिकावं लागलं नाही.

पहिल्याच वर्षी गंमत झाली. आपल्याकडं नवी नवरी आषाढात माहेरी येते. कानडी घरांतही तेच. तिकडं ती आडि महिन्यात माहेरी जाते. कारणही सांगतात, की आडित गर्भ राहिला तर बाळंतपण चित्तिरैच्या कडक उन्हाळ्यात येईल. २००० साली आपला आषाढ २ जुलैला लागला आणि त्यांचा आडि जुलैच्या मध्यावर. आईनं आपला आषाढ मोजला, तिकडून मामींनी त्यांचा आडि मोजला. दोन्हींचा मान राखत आक्का दीड महिना बेळगावात राहिली. तिला ते अजून आठवतं, की दोन पंचांगांचा तिला झालेला पहिला फायदा तो.

दिवाळीचंही तसंच. आपण पहिला दिवाळसण करतो, ते तलै दीपावळि करतात. जावई सासुरवाडीला, नवे कपडे, फटाके, सगळं एकच. फक्त आपला जावयाचा मान पाडव्याला, आणि त्यांची दिवाळी म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट. पाडव्याच्या आमंत्रणाला दाजी चतुर्दशीच्या आदल्या रात्रीच हजर. पहाटे तेल लावून अंघोळ झाल्यावर आम्ही त्यांना कारीट पायाखाली फोडायला सांगितलं, तेव्हा ते चकितच झाले. मग त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. सुंठ, मिरी, पिंपळी, गूळ, तूप घालून आटवलेलं लेह्य. दिवाळीचं औषध म्हणतात त्याला. फराळाच्या आधी, अनशापोटी, प्रत्येकानं सुपारीएवढं खायचं. पुढं चार दिवस जे पोटात जाणार त्याची ही तजवीज. आमच्या वडिलांना ते इतकं पटलं की त्यांनी शेवटपर्यंत दर दिवाळीला ती डबी मागवली.

आडि महिन्याचा अठरावा दिवस म्हणजे आडिप्पेरुक्कु. ऑगस्टच्या २ किंवा ३ तारखेला येतो. कावेरीला नवं पाणी आलेलं असतं. बायका नदीकाठी जाऊन पूजा करतात, हळदीचा दोरा बांधतात आणि लिंबाचा, नारळाचा, चिंचेचा, दह्याचा असे भात डब्यातून नेऊन काठावर खातात. ज्या वर्षी पाणी नसतं, त्या वर्षी काय करायचं? घरातल्या बोअरच्या पाण्याची घागर पुजतात आणि नदीकडं बघून हात जोडतात. पाणी आलं नाही की मामी आक्काला म्हणतात, "तुझ्या माहेरच्यांना सांग की जरा सोडायला." आक्का म्हणते, "अम्मा, माझं माहेर मार्कंडेय नदीकाठी आहे, तिचं पाणी कृष्णेत जातं." पण २०१६ च्या सप्टेंबरात कावेरीच्या निकालावरून बेंगळुरात बसगाड्या पेटल्या, तेव्हा कुणी थट्टा केली नाही. दाजींचा मोठा भाऊ तिथंच राहतो. आम्ही बेळगावातून त्यांना फोन करत होतो, आणि त्या कुंभकोणमहून आम्हाला. भाषेचा वाद दारापर्यंत येणं म्हणजे काय, हे आपल्या गावाला कुणी सांगायला नको.

श्रावणाच्या सुमारास सणांची दाटी होते. वरलक्ष्मीचं व्रत आपल्या कानडी मैत्रिणींना ठाऊकच आहे. आवणि अविट्टमला पुरुष जानवं बदलतात, दुसऱ्या दिवशी एक हजार आठ गायत्री जप. कृष्णजयंतीला उंबरठ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची बाळपावलं काढतात. त्या दिवशी सीडै नावाच्या पिठाच्या गोळ्या तळतात. पीठ नीट चाळलं नाही तर त्या तेलात फटाक्यासारख्या फुटतात. आक्का पहिल्या वर्षी कढईवर झाकण घेऊनच उभी होती.

मार्गळि महिना, डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य, हा तिकडं सगळ्यात पवित्र. पहाटे दारात मोठं कोलम, त्यात शेणाच्या गोळ्यावर खोवलेलं भोपळ्याचं फूल, देवळात आण्डाळची तीस पदं आणि गरम वेण्पोंगल. लग्नकार्य मात्र नाही. हे ऐकून आमची आजी म्हणाली होती, "म्हणजे धुंधुरमासच की." खरंच तोच. आपली पहाटेची मुगाची खिचडी, कानडी हुग्गी आणि तमिळ वेण्पोंगल या तिघी सख्ख्या बहिणी. फोडणीत तेवढा फरक.

पोंगलला नव्या भांड्याला हळदीचं रोप बांधून दूध-तांदूळ उतू जाऊ देतात आणि सगळे एकदम ओरडतात. पोंगल म्हणजेच उतू जाणं. आपण ते रथसप्तमीला करतो, अंगणात गोवरीवर बोळक्यात दूध उतवून. पण मला जवळचा वाटतो तो दुसऱ्या दिवशीचा कणु. त्या सकाळी घरच्या बायका गच्चीवर किंवा अंगणात हळदीच्या पानांवर पिवळ्या, लाल, पांढऱ्या भाताचे गोळे मांडतात, कावळ्यांसाठी आणि पाखरांसाठी. आपल्याकडं कावळ्याला पान म्हटलं की पितर आठवतात. तिथं कावळा हा एकोप्याचा नमुना. एकाला घास दिसला की तो सगळ्यांना हाका मारतो. तसं माझ्या भावांचं घर एकत्र राहो, असं त्या मागतात. भावानं त्या बदल्यात बहिणीला काहीतरी पाठवायचं, त्याला कणुची सीर म्हणतात. आपली भाऊबीजच, तीन महिन्यांनी उशिरा आलेली. पूर्वी मनिऑर्डर करायचो, आता मोबाइलवरून पाठवतो. आक्काचा फोन येतो, "पोचले. कावळे आले होते." एवढंच.

मार्चच्या मध्यावर मासि संपून पंगुनि लागतो, त्या संक्रमणाच्या नेमक्या घटकेला कारडैयान नोंबु. हे सावित्रीचं व्रत. चवळी घातलेल्या तांदळाच्या पिठाच्या वड्या, एक गोड, एक तिखट, वर न कढवलेलं लोणी, आणि गळ्यात पिवळा दोरा. घटका पहाटे तीनला आली तर तीनला उठायचं. आक्का म्हणते, वडाच्या झाडाला निदान झोप तरी मिळते. मग एप्रिलात वर्षारंभ. त्या दिवशी कैरी, गूळ आणि तुपात परतलेला कडुलिंबाचा मोहोर यांची पच्चडि करतात. आपला कडुलिंब-गूळ, कानडी बेवु-बेल्ल, सगळ्यांना वर्षाची सुरुवात कडू-गोडानंच करावीशी वाटते.

या सगळ्यांत चारही भाऊ एकत्र येतात तो दिवस मात्र सणाचा नाही, श्राद्धाचा. त्या दिवशीचा स्वयंपाक बघण्यासारखा असतो. मिरची नाही, मिरी. बटाटा नाही, कोबी नाही, टोमॅटो नाही. कच्ची केळी, कारलं, गवारी, सुरण, हाडसांधीची चटणी, उडदाचे वडे, तिळाचे लाडू. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळं पोर्तुगीजांच्या आगेमागे परदेशातून आलेलं. पितरांना ते ठाऊक नाही म्हणून वाढायचं नाही. म्हणजे वर्षातून एक दिवस ते घर चारपाचशे वर्षांपूर्वीचं जेवण जेवतं. मी इतिहासाच्या वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा मुलं वही मिटून ऐकतात.

आता नवरात्र. तिकडचं नवरात्र म्हणजे कोलु, आपल्या कानडी लोकांची गोंबे हब्ब. विषम संख्येच्या पायऱ्या, वर पांढरं धोतर अंथरलेलं. सगळ्यात वर देव आणि कलश, खाली साधुसंत, त्याखाली माणसं, किराणा दुकान मांडून बसलेला पोट सुटलेला शेट्टी आणि त्याची बायको. एक जोडी मात्र हवीच, ती रक्तचंदनाच्या लाकडाची मरप्पाच्चि बाहुलाबाहुली. मुलगी सासरी जाताना आईनं द्यायची. मामींची जोडी साठ वर्षांची. दरवर्षी तिला रेशमी चिंध्यांचे नवे कपडे होतात. रोज संध्याकाळी बायका येतात, गातात, हरभऱ्याची किंवा वाटाण्याची उसळ घेतात आणि जाताना विडा-सुपारी, हळद-कुंकू घेऊन जातात. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी करून निजवतात आणि मग आवराआवर.

पायऱ्यांच्या पुढं जमिनीवर मुलं बाग, नदी, खेडं असं काहीबाही करतात. आक्कानं दुसऱ्या वर्षी तिथं किल्ला केला. आपल्या गल्लीत दिवाळीला करतो तसा, माती, विटा, अळीव पेरून, बुरुजावर मावळे. पायथ्याला मण्णेत्तिन अमावास्येचे मातीचे बैल. कुंभकोणमच्या बायका वाकून बघायच्या. मामींनी विचारलं, "ही कुठली मलै?" आक्का म्हणाली, "किल्ला, अम्मा, शिवाजी महाराजांचा." मामी लगेच म्हणाल्या, "म्हणजे सेंजी." आणि त्यांचं बरोबरच होतं. जिंजी महाराजांनी १६७७ साली घेतला, राजाराम महाराज तिथं राहिले, आणि २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले त्यांतला तमिळनाडूतला एकच तो. तेव्हापासून त्या किल्ल्याला घरात सेंजीच म्हणतात.

२०१७ साली आक्काचे सासरे गेले. वर्षभर सण नव्हते. २०१८ च्या नवरात्रात पुन्हा कोलु मांडलं. बाहुल्या मामींनीच पुसल्या, कुठली कुठं ते त्यांनीच सांगितलं. पहिल्या संध्याकाळी बायका यायला लागल्या तशा त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. कुणी म्हणावंच लागत नाही, ही त्या रीतीची ताकद. ज्या बाईनं पन्नास वर्षं त्या घरात येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात विडा दिला, तिच्या हातात आता कुणी विडा देणार नव्हतं आणि तिच्या हातून कुणी घेणारही नव्हतं.

आक्का ताट घेऊन आत गेली. पहिला विडा अम्मांना. त्या म्हणाल्या, "वेंडाम्." नको. आक्का ताट खाली ठेवून समोर बसून राहिली. बाहेर बायका खोळंबलेल्या. शेवटी मामींनी पानं आणि केळं उचललं, कुंकवाची पुडी ताटातच ठेवली. दुसऱ्या वर्षी फुलं घेतली आणि नातीच्या केसांत माळली.

२०१९ साली थोरल्या नातीचं लग्न ठरलं. लग्नाआधी त्या घरात सुमंगली प्रार्थनै करतात. आपण सवाष्णी जेवू घालतो तसंच, पण घराण्यातल्या ज्या बायका नवरा हयात असताना गेल्या त्यांच्या नावानं. विषम संख्येच्या सवाष्णी, एक कुमारिका, नऊवारी नेसून पानावर बसलेल्या, आणि एक पान, एक नवी साडी त्या गेलेल्यांसाठी. स्वयंपाकाची यादी मामींनी लिहून दिली, मीठ किती तेही सांगितलं. जेवणाच्या खोलीत त्या आल्या नाहीत. आक्कानं त्या दिवशी वाद घातला नाही. रात्री भांडी लावताना मामीच तिला म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षं मी त्यांच्या नावानं वाढलं. त्या साडीत आता माझं नाव कधी येणार नाही." आक्कानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. आमच्या स्वतःच्या आजीचं असंच झालं होतं, आणि तेव्हा आमच्या घरात कुणालाच काही बोलावंसं वाटलं नव्हतं.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्यापासून हाकेच्या अंतरावरचं गाव. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात होणार नाही, असा ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी कात्रणाचा फोटो आक्काला पाठवला. तिनं तो मामींना तमिळमध्ये वाचून दाखवला. मामींनी नीट ऐकलं आणि एकच विचारलं, "ठराव झाला. पण तिथल्या बायकांना शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावलं का?" आक्कानं तो प्रश्न तसाच माझ्याकडं पाठवला. मी महाविद्यालयात शिकवतो, ठराव, कायदे, सुधारणा यांवर तासभर बोलू शकतो. पण प्रश्न तोच होता, आणि त्याचं उत्तर कुठल्या कागदात नसतं, दर दाराशी वेगळं असतं.

२०२४ च्या नवरात्रात मामी पंच्याऐंशीच्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळी त्या खुर्ची घेऊन कोलुपाशीच बसल्या. गुडघे दुखतात, आत-बाहेर करवत नाही, असं कारण सांगितलं. विडे त्यांच्याच हातानं देऊ लागल्या. पहिलीनं घेतला, दुसरीनं घेतला. एकीनं हात मागं घेऊन आक्काकडं पाहिलं. आक्का हसून म्हणाली, "घरातल्या मोठ्यांच्या हातून घ्या." तिनं घेतला. दोघीजणी मात्र दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. बाकीच्या आल्या, आणि दसऱ्यापर्यंत रोज मामींनीच विडे दिले. स्वतः त्या कुंकू लावत नाहीत, विभूतीच लावतात. त्याबद्दल आक्का त्यांना काही म्हणत नाही. लावायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

आता ते जुनं घर विकायचं ठरलं आहे. एक भाऊ चेन्नैला, एक बेंगळुरात, एक अमेरिकेत, कुंभकोणमला दाजीच. वाटणी भांडणाशिवाय झाली. श्राद्ध थोरल्याकडं, कुलदैवताची वैद्यीश्वरन कोविलची वारी दुसऱ्याकडं, पोंगल ज्याचा त्यानं. कोलु कुणाकडं, हे विचारायच्या आत मामींनी सांगितलं, बेळगावच्या सुनेकडं. मोठ्या सुना तमिळ, पण कोणी काही बोललं नाही. एकेक बाहुली सासऱ्यांच्या जुन्या धोतरांत गुंडाळून तीन पेट्या भरल्या. मरप्पाच्चि जोडी मात्र मामींनी अजून आपल्या उशाशी ठेवली आहे. "मी फ्लॅटवर येईन तेव्हा घेऊन येईन," म्हणाल्या.

आपल्याकडं मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू चालतं. घरोघरी याद्या होतात, वाण आणलं जातं, आणि याच दिवसांत कुंभकोणमला आक्का हळदीच्या पानावर कावळ्यांसाठी भात मांडते. मामींचा प्रश्न आता माझ्याकडं आहे आणि मी तो तुमच्याकडं देतो. या वर्षीची यादी करताना शेजारच्या कोणत्या घराचं नाव आपोआप गळतं, तेवढं एकदा बघा.